ख्रिस्तपुराण : पाठपरंपरा व जतन

फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) ह्या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने गोव्यात मराठीत रचलेला ओवीबद्ध ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. ह्या ग्रंथाची संहिता आजवर कशी टिकून राहिली, तिची साधने कोणती आणि तिच्या संपादनात कोणते प्रश्न उद्‌भवतात, ह्यांचे विवेचन ह्या नोंदीत केले आहे. सतराव्या शतकात हा ग्रंथ तीन वेळा छापला गेला. तथापि त्या तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो श्रद्धावंत कुटुंबांनी हातांनी उतरून घेतलेल्या नकलांमुळे. मुद्रण झाले, की ग्रंथ सुरक्षित झाला अशी सर्वसाधारण समजूत असते. ख्रिस्तपुराणाचा इतिहास मात्र तिच्या नेमका उलट आहे. एखाद्या धार्मिक लेखकाचा वारसा कशाने टिकतो, ह्या दृष्टीनेही तो अभ्यसनीय ठरतो.

कर्ता व रचना : स्टीफन्सचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांना प्रतिकूल काळ असल्याने तो रोमला गेला व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचला. ह्या प्रवासाचे वर्णन करणारे, वडिलांना लिहिलेले त्याचे पत्र रिचर्ड हॅक्लूटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात (१५८९) छापले गेले. भारतात दीर्घकाळ राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढील सु. चाळीस वर्षे त्याने प्रामुख्याने सासष्टी महालात काढली. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात बायबलच्या जुन्या करारातील कथाभाग असून त्याचे ३६ अवस्वर (सर्ग) आहेत. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत सांगितले आहे. सर्व मिळून १०,९६२ ओव्या आहेत. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी आपल्या भाषेत वाचावयास काहीतरी हवे होते आणि ही मागणी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने मांडली, असा प्रस्ताव ग्रंथाच्या आरंभीच आला आहे. त्यास अनुसरून स्टीफन्सने मराठी संतकवींना परिचित असलेला ओवी छंद योजिला. भाषा मराठी असून तिच्यात गोव्यातील बोलीचे, म्हणजे कोकणीचे, मिश्रण आहे. पहिल्या अवस्वरातील मराठी भाषेच्या स्तुतीमुळे मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात ह्या ग्रंथाला कायमचे स्थान लाभले. बहुसंख्य मराठी वाचकांना त्याचा परिचय असतो तो ह्याच ओव्यांपुरता.

मुद्रण : मुद्रणयंत्र गोव्यात १५५६ मध्ये आले, पण देशी लिपीचे खिळे तेथे नव्हते. आपली पुस्तके ह्या भूमीच्या भाषेत व लिपीत छापली जावीत, अशी स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ मध्ये येशूसंघाच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रात त्याने ह्यासाठी परवानगी मागितली. ह्या लिपीची अक्षरे जोडाक्षरांसह सहाशेपर्यंत भरतात, परंतु युक्तीने साचे दोनशेपर्यंत आणता येतील, असेही त्याने त्या पत्रात सुचविले आहे. ही योजना सिद्धीस गेली नाही. परिणामतः १६१६ मध्ये रायतूर (राचोल) येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत व पोर्तुगीज शीर्षकाखाली. लेखकाच्या निधनानंतर १६४९ व १६५४ मध्ये त्याची पुनर्मुद्रणे झाली. चाळीस वर्षांच्या आत तीन मुद्रणे निघावीत, ही गोष्ट ग्रंथाला असलेली मागणी दाखविते.

छापील प्रतींचा लोप : तिन्ही मुद्रणांच्या प्रती नाहीशा होण्यास एकच एक कारण दाखविता येत नाही, अनेक कारणे एकत्र आलेली दिसतात. पहिले कारण भाषाविषयक धोरणातील पालटाचे. १६०६ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने पॅरिशच्या धर्मगुरूंना स्थानिक भाषा येणे आवश्यक ठरविले होते व स्टीफन्सचे लेखन ह्याच धोरणाला पोषक होते. पुढे वारे फिरले. व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने २७ जून १६८४ रोजी हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषेचा अंगीकार करावा, असे फर्माविले. हा हुकूम पूर्णांशाने अंमलात आला नाही; परंतु देशी भाषांतील ग्रंथांना मिळणारा अधिकृत आश्रय त्यानंतर संपला व रायतूरच्या छापखान्यासारखी साधने त्यांना पुन्हा लाभली नाहीत. गोव्यातील इंक्विझिशन ह्या न्यायपीठाची (१५६०–१८१२) देशी भाषांतील पुस्तकांवरील करडी नजरही ह्या संदर्भात लक्षात घ्यावी लागते.

दुसरे कारण संस्थांच्या विघटनाचे. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने आपल्या प्रदेशातून जेझुइटांना हद्दपार केले. १८३४ मध्ये इतर धर्मसंघांचेही विसर्जन झाले. मठ व विद्यालये ह्यांचे ग्रंथसंग्रह ह्या दोन आघातांत विखुरले. तिसरे कारण दमट हवा, कसर व वाळवी हे होय. ह्या तिहींच्या जोडीला ग्रंथाचा सततचा वापर होता. चर्चमध्ये आणि घरी मोठ्याने वाचले जाणारे पुस्तक पानापानाने झिजत जाते. कपाटात बंद राहिलेल्या पुस्तकापेक्षा त्याचे आयुष्य कमी असते.

ह्या मुद्द्याचे प्रत्यंतर समकालीन ग्रंथांत मिळते. एत्येन द ला क्र्वा (१५७९–१६४३) ह्या फ्रेंच जेझुइटाने स्टीफन्सच्या पावलावर पाऊल टाकून संत पीटरच्या चरित्रावर विस्तृत पुराण रचले व ते १६२९ पासून छापले गेले. ह्या पितर पुराणाची छापील प्रत शिल्लक आहे. पण ते लोकांच्या मुखी राहिले नाही. ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत उलट घडले : छापील प्रत उरली नाही, मात्र ग्रंथ लोकांत राहिला.

हस्तलिखित परंपरा : सोळाव्या ते अठराव्या शतकांत दुष्काळ, युद्धे, करांचा बोजा व इंक्विझिशनचा जाच अशा विविध कारणांनी गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी दक्षिणेकडे, कानडा प्रदेशात स्थलांतर केले. मंगळूर व त्याच्या परिसरात स्थायिक झालेल्या ह्या समाजाने आपल्याबरोबर ख्रिस्तपुराणही नेले. तेथे पोर्तुगीज शासनाच्या भाषाविषयक हुकमांचा अंमल नव्हता. त्यामुळे ग्रंथाच्या पठणाला अडसर राहिला नाही. उपवासकाळात येशूच्या दुःखभोगाचा भाग वाचणे, कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी तो सुरावर म्हणणे व इतरांनी ऐकणे, अशी प्रथा तेथे रूढ झाली. जीर्ण झालेल्या पोथीवरून नवी पोथी उतरवून घेणे हा ह्या प्रथेचाच भाग होता.

अशा परंपरेचे गुणदोष दोन्ही आहेत. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असल्याने चरणान्तीचा शब्द बदलला, की लगेच कानाला खटकते. म्हणून यमकाच्या जागा बव्हंशी सुरक्षित राहतात. चरणाच्या मध्यभागी मात्र नकलकाराला अपरिचित असलेला शब्द सहज पालटू शकतो. कानडा प्रदेशातील नकलकारांची घरची भाषा कोकणी होती व सभोवती कन्नड आणि तुळू ह्या भाषा होत्या. मराठी ग्रंथभाषा त्यांना पिढ्यागणिक दुरावत गेली. आपणांस पूर्णपणे न समजणारा मजकूरही त्यांनी पवित्र मानून अक्षरशः उतरविला, ह्याचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाटते. अर्थ न कळता केलेल्या नकलेत चुका होतात. पण जाणूनबुजून केलेल्या सुधारणा त्या मानाने कमी असतात.

ह्या पोथ्या बहुधा कागदावर, रोमन लिपीत लिहिलेल्या आहेत. पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशांत हिराकस व मायफळ ह्यांपासून केलेली शाई प्रचारात होती. ह्या शाईतील आम्लामुळे कालांतराने अक्षरांच्या जागी कागद करपतो व गळून पडतो. अशा पोथ्या हाताळणे हेच त्यांना अपायकारक ठरत असल्याने, सूक्ष्मपट वा अंकीय छायाचित्रे घेऊन मूळ पोथी हवामाननियंत्रित जागी ठेवणे, हा त्यांच्या जतनाचा मान्य मार्ग आहे.

मंगळूर आवृत्ती (१९०७) : ख्रिस्तपुराणाचे आधुनिक पुनरुज्जीवन जोसेफ एल्. साल्ढाणा ह्यांनी केले. मंगळूर परिसरातील कुटुंबांकडून मिळालेल्या हस्तलिखित नकला ताडून पाहून त्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथाची रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. तिला स्टीफन्सचे चरित्र, विस्तृत प्रस्तावना, कथाभागाचा इंग्रजी सारांश व शब्दसंग्रह जोडलेला आहे. १६५४ नंतर सु. अडीचशे वर्षांनी ग्रंथ पुन्हा मुद्रित रूपात उपलब्ध झाला. ज्या हस्तलिखितांवरून ही आवृत्ती सिद्ध झाली, त्या सर्वांचा आज माग लागत नाही. त्यामुळे साल्ढाणा ह्यांची आवृत्ती ही स्वतःच एक मूलसाधन बनली आहे. साल्ढाणा ह्यांनी हे काम आणखी एखादी पिढी लांबणीवर टाकले असते, तर बरीच सामग्री कायमची गमावली असती.

मार्सडन हस्तलिखित : ब्रिटिश प्राच्यविद्यापंडित विल्यम मार्सडन (१७५४–१८३६) ह्याने जमविलेला पोथ्यांचा संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला मिळाला व तेथून तो पुढे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या अध्ययनसंस्थेकडे आला. ह्या संग्रहात आदिपुराण व देवपुराण अशा नावांच्या देवनागरी पोथ्या होत्या. मराठी संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ई. ॲबट ह्यांनी त्या पाहिल्या, तेव्हा त्या ख्रिस्तपुराणाच्याच दोन भागांच्या असल्याचे त्यांना आढळले. हा शोध त्यांनी १९२३ मध्ये त्या संस्थेच्या नियतकालिकातून जाहीर केला.

मार्सडन हस्तलिखित व मंगळूर आवृत्ती ह्यांत लक्षणीय पाठभेद आहेत. मंगळूर पाठात पोर्तुगीज व लॅटिन भाषांतून आलेल्या धार्मिक संज्ञा व बोलीतील शब्द ज्या ठिकाणी आहेत, त्यांपैकी अनेक ठिकाणी मार्सडन पाठात संस्कृत शब्द येतात. स्टीफन्सची मूळ संहिता देवनागरी लिपीत होती व तिचे स्वरूप मार्सडन हस्तलिखितात आढळते, असे ॲबट ह्यांचे प्रतिपादन होते. सर्व अभ्यासकांनी ते स्वीकारलेले नाही. १६१६ चे मुद्रण रोमन लिपीत झाले असल्याने, देवनागरी पाठ हा नंतरच्या एखाद्या जाणकाराने भाषा संस्कारून सिद्ध केलेला असावा, असाही पक्ष मांडला जातो. पहिला पक्ष मान्य केल्यास स्टीफन्स हा संस्कृतप्रचुर मराठीचा रचनाकार ठरतो. दुसरा मान्य केल्यास चर्चमधील परकी संज्ञा व गोव्यातील बोली ह्यांना मराठी ओवीत सामावून घेणारा कवी ठरतो. लेखकाच्या प्रतिमेविषयीचा हा निर्णय अशा रीतीने पोथ्यांच्या परीक्षणावर अवलंबून आहे.

देवनागरी आवृत्त्या : मंगळूर आवृत्ती रोमन लिपीत असल्याने महाराष्ट्रातील वाचकांना ती दुर्गमच राहिली. शांताराम बंडेलू ह्यांनी तिचे देवनागरी लिप्यंतर करून १९५६ मध्ये पुणे येथून प्रसिद्ध केले. त्यामुळे ग्रंथ महाराष्ट्रातील विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आला. मार्सडन हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती कारिदाद द्रागो ह्यांनी संपादित केली व ती १९९६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. सलेशियन धर्मगुरू व अभ्यासक नेल्सन फालकाव ह्यांनी मूळ संहितेसह आधुनिक मराठी गद्यानुवाद २००९ मध्ये बंगलोर येथून प्रकाशित केला आणि त्यानंतर २०१२ मध्ये इंग्रजी अनुवाद व अभ्यासही दिला. गद्यानुवादाची आवश्यकता भासली, ही गोष्ट बोलकी आहे : सतराव्या शतकातील ही भाषा आजच्या सामान्य मराठी वाचकाला साहाय्यावाचून पूर्णपणे उलगडत नाही.

इतर ग्रंथांचे जतन : स्टीफन्सच्या अन्य दोन ग्रंथांचे भवितव्य वेगळे ठरले. दौत्रिन क्रिस्तां ह्या नावाने ओळखली जाणारी, कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. हिच्या छापील प्रती युरोपातील ग्रंथालयांत शिल्लक राहिल्या व मारियानु साल्दान्य ह्यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे तिची प्रतिकृती प्रसिद्ध केली. कोकणी भाषेचे त्याने रचलेले व्याकरण दियोगु रिबैरु ह्याने वाढविल्यावर १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे छापून निघालेले हे आरंभीचे व्याकरण होय. कुन्य रिव्हार ह्या पोर्तुगीज विद्वानाने १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. व्याकरण व प्रश्नोत्तरी ह्या धर्मगुरूंच्या अभ्यासाच्या वस्तू असल्याने त्या ग्रंथालयांत राहिल्या. पुराण हे श्रोत्यांचे असल्याने घराघरांत राहिले. जतनाच्या ह्या दोन वाटांचा असा भेद स्टीफन्सच्या वाङ्‌मयात स्पष्ट दिसतो.

गोव्यातील जुन्या ख्रिस्ती मराठी वाङ्‌मयाकडे महाराष्ट्रातील अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः अ. का. प्रियोळकर (१८९५–१९७३) ह्यांना द्यावे लागते. भारतातील मुद्रणाचा इतिहास सांगणाऱ्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात (१९५८) स्टीफन्सच्या लिपीविषयक खटपटीची माहिती आली आहे. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाच्या द्वारा त्यांनी ह्या परंपरेतील इतर रचनाही उजेडात आणल्या.

पाठनिश्चितीचे प्रश्न : आज उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांपैकी एकीलाही पूर्ण अर्थाने चिकित्सक आवृत्ती म्हणता येत नाही. पहिली अडचण लिपीची आहे. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनात ‘श’साठी एक्स हे अक्षर वापरतात, ‘ट’, ‘ण’, ‘ळ’ अशा मूर्धन्य वर्णांसाठी तेच अक्षर दोनदा लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ भेद मात्र नियमाने दर्शविला जात नाही. नकलकाराने दोन अक्षरांऐवजी एकच लिहिले, की ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि शब्दाचा अर्थही कधीकधी पालटतो. त्यामुळे देवनागरी लिप्यंतर करणाऱ्याला पदोपदी निर्णय घ्यावा लागतो व वाचकाच्या हाती येणाऱ्या संहितेत संपादकाचाही वाटा असतो.

दुसरी अडचण बोलीभेदाची. एखादे रूप कोकणीचे दिसले, तर ते स्टीफन्सचेच आहे, की नकलकाराच्या घरच्या भाषेतून शिरले, हे एका पोथीवरून ठरविता येत नाही. त्यासाठी गोव्यात, मंगळूरमध्ये व लंडनमध्ये असलेल्या सर्व पोथ्या ओवीगणिक ताडून, त्यांचे परस्परसंबंध निश्चित करून, पाठभेदांसह संहिता सिद्ध करावी लागेल. एकनाथकालीन मराठी व जुनी कोकणी ह्या दोहोंचे व्याकरण जाणणाऱ्या, तसेच पोर्तुगीज लेखनपद्धतीशी परिचित असलेल्या अभ्यासकांचे सहकार्य ह्या कामी आवश्यक आहे. अशा प्रकारची तयारी एका व्यक्तीत क्वचितच आढळते.

संस्था व स्मृती : गोव्यात आल्त पर्वरी येथे जेझुइट संघाने १९८६ मध्ये टॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही संशोधनसंस्था स्थापन केली. तिचे कार्य प्रामुख्याने कोकणी भाषा, साहित्य व संस्कृती ह्यांच्या क्षेत्रातील आहे. स्टीफन्सचा वारसा मराठीचा की कोकणीचा, असा वाद मधूनमधून घातला जातो. परंतु पुराण मराठीत व व्याकरण आणि प्रश्नोत्तरी कोकणीत लिहिणाऱ्या ह्या लेखकाचा दोन्ही भाषांवर सारखाच अधिकार पोहोचतो. जतनाच्या दृष्टीने तर दोन्ही भाषांच्या अभ्यासकांना एकमेकांची गरज आहे.

महाराष्ट्रात स्टीफन्सच्या परंपरेशी नाते सांगणारे ख्रिस्ती मराठी लेखन पुढेही होत राहिले. ना. वा. टिळक ह्यांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेलेले ख्रिस्तायन हे काव्य ह्या संदर्भात आठवते. टिळक प्रॉटेस्टंट पंथीय होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कॅथलिकांपैकी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पोथ्या, आवृत्त्या व अनुवाद ह्यांमुळे ख्रिस्तपुराणाची अक्षरे आता पुष्कळ अंशी सुरक्षित झाली आहेत. पठणाची गोष्ट तशी नाही. ज्या चालींवर हे पुराण म्हटले जाई, त्यांची नोंद कोणत्याही आवृत्तीत नाही. घरोघर होणारे वाचनही विसाव्या शतकात मागे पडत गेले. अडीचशे वर्षे ज्या श्रोत्यांनी ग्रंथ सांभाळला, त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांना तो आज वाचता येत नाही आणि जे तो वाचू शकतात त्यांनी तो कधी ऐकलेला नसतो. चिकित्सक आवृत्तीइतकेच, जुन्या चाली जाणणारी जी काही माणसे उरली असतील त्यांच्या मुखातून त्या ध्वनिमुद्रित करून घेण्याचे कामही म्हणून तातडीचे आहे.